अबेस ते झेफिर, व्हाया हदगाव

‘पुसिलॅनिमस’ हा शब्द तुम्ही शेवटचा कधी वापरलात? बॉसला मेल लिहिताना? पहिल्या डेटवर? रिक्षावाल्याशी भांडताना? कधीच नाही ना? अर्थ अगदी साधा आहे, भित्रा. पण ज्यांनी कधीकाळी जीआरईसाठी शब्दांचा रट्टा मारलाय, त्यांच्या पोटात हा शब्द नुसता वाचूनच गोळा आला असेल. ‘ऑब्सिक्वियस’, ‘रिकॅल्सिट्रंट’, ‘मॅग्नॅनिमस’ ही सगळी त्याच गँगमधली मंडळी. आयुष्यात एकदाच भेटतात, परीक्षेच्या हॉलमध्ये, आणि तिथंही ओळख दाखवत नाहीत.

या मंडळींची हल्ली फार टिंगल होते. घोकून का कुठं भाषा येते, असले शब्द बोलतं कोण, शब्द संदर्भातून शिकायचे असतात, वगैरे वगैरे. मुद्दे सगळे बरोबर आहेत. तरीही मी आज त्या यादीची वकिली करणार आहे. कारण मी हदगावचा आहे.

हदगाव कुठं आलं? नांदेडहून नागपूरच्या रस्त्याला लागलात की आधी अर्धापूरच्या केळीच्या बागा, मग वारंगा फाट्याची खिचडी, आणि मग आमचं तालुक्याचं गाव. आणखी पुढं गेलात तर पैनगंगा ओलांडून उमरखेड, म्हणजे विदर्भ. गावात कापूस, सोयाबीन आणि हळदीच्या भावाची चर्चा बारा महिने चोवीस तास. माझ्या लहानपणी इंग्रजी कानावर पडायचं ते थ्रेशर, डिझेल, सोसायटीचं ‘नो ड्यूज’ आणि ट्रकच्या मागचं ‘हॉर्न ओके प्लीज’ एवढंच. इंग्रजी पेपर गावात येत असेलही, मी तो कुणाच्या हातात पाहिला नाही.

एबीसीडीशी माझी गाठ पाचवीत पडली. राज्यातल्या मराठी शाळांत पहिलीपासून इंग्रजी आलं ते २००० साली, आणि तोवर मी पाचवी कधीच ओलांडली होती. बरं, पुढं तरी इंग्रजीला भाव यावा, तर तेही नाही. नांदेड-लातूर म्हणजे डॉक्टर-इंजिनिअर काढायचा कारखाना. ‘लातूर पॅटर्न’ हे नाव तुम्ही ऐकलंच असेल. या पट्ट्यात फिजिक्स, केमिस्ट्री, मॅथ्स आणि बायोलॉजी हे विषय असतात आणि इंग्रजी ‘निघून जातं’. निघून जातं म्हणजे पास होता येतं. इंग्रजीच्या तासाला रूमवर झोप काढणारी मुलं आजही भेटतील, आणि त्यांचं गणित पक्कं असतं. नीटला इंग्रजीचे मार्क नाहीत, शिवाय २०१७ पासून ती मराठीतूनही देता येते. पंचाईत होते ती या हमरस्त्यावरून जरा बाजूला वळणाऱ्याची.

मी वळलो. नांदेडला इंजिनिअरिंग करताना एका सीनियरनं अमेरिकेचं वेड डोक्यात भरवलं आणि जाताना बॅरन्सचं जाडजूड सेकंडहँड पुस्तक गळ्यात मारून गेला. पुस्तकाच्या पोटात पन्नास याद्या, साडेतीन हजार शब्द. पहिला अबेस, शेवटचा झेफिर. रोज एक यादी धरली तर सत्तर शब्द, पन्नास दिवसांत खेळ खलास. कागदावर सोपं वाटतं. तिसऱ्या दिवशी पहिल्या दिवसाचे सत्तर शब्द भुर्रकन उडून गेलेले असतात, हे कागद सांगत नाही.

तेव्हाच्या जीआरईत विरुद्धार्थी शब्दांचे प्रश्न असायचे. स्क्रीनवर एक शब्द, खाली पाच पर्याय. पुढं-मागं वाक्य नाही, उतारा नाही, काही नाही. येतो तर येतो, नाही तर नाही. शिक्षणतज्ज्ञांना हा प्रकार रानटी वाटायचा. मला मात्र त्या एकट्या उभ्या शब्दात न्याय दिसायचा. ‘पुसिलॅनिमस’ जसा माझ्या घरात कुणी बोलत नव्हतं, तसाच तो पुण्या-मुंबईच्या कॉन्व्हेंटवाल्याच्या घरातही कुणी बोलत नव्हतं. त्याचा अॅक्सेंट, त्याच्या घरी येणारे पेपर, बाबांबरोबर बघितलेले इंग्रजी सिनेमे, यातलं काहीही इथं कामाला येत नव्हतं. लागत होतं ते एक पुस्तक, दोन-तीन महिने आणि गाढवासारखी चिकाटी. या तीन गोष्टी हदगावच्या पोराकडं असतात.

पाऊस-टी

आता घोकायचं कसं, हा खरा फंडा. इंग्रजीतून इंग्रजी पाठ होईना. ‘पॉसिटी’चा अर्थ ‘डर्थ’, आणि ‘डर्थ’चा अर्थ ‘पॉसिटी’. डिक्शनरी म्हणजे दोन सरकारी टेबलं, एक दुसरीकडं पाठवतं. मग आम्ही रूम पार्टनर्सनी मराठीत खुंट्या ठोकायला सुरुवात केली. पॉसिटी म्हणजे टंचाई. आमच्या वहीत ती झाली ‘पाऊस-टी’, आणि पाऊस आमच्याकडं नसतोच. मराठवाड्याच्या पोराला हा शब्द दुसऱ्यांदा वाचावा लागला नाही. ‘गॅरुलस’ म्हणजे बडबड्या, त्याला गारुडी. ‘लॅकोनिक’ म्हणजे मोजकं बोलणारा, तो लाकडासारखा गप्प. ‘फ्रूगल’ म्हणजे काटकसरी, तर झाडाखाली गळालेलं फ्रूट उचलून खाणारा. विनोद भिकार होते हे मान्य. पण परीक्षेत विनोद तपासत नाहीत.

लॅकोनिकची खरी कहाणी मला खूप उशिरा कळली. लॅकोनिया हा ग्रीसमधला स्पार्टाचा मुलूख, आणि तिथली माणसं तोलूनमापून बोलण्यासाठी प्रसिद्ध. शब्दाला असं गाव असतं, हे कळल्यावर मजा यायला लागली. याच काळात नॉर्मन लुईसचं ‘वर्ड पॉवर मेड ईझी’ हाती लागलं. हे पुस्तक १९४९ चं, आणि आजही आपल्याकडं सिग्नलवर, फूटपाथवर विकलं जातं. लुईससाहेबांचं म्हणणं असं की शब्द सुटे पाठ करू नका, मुळं पाठ करा. एक मूळ धरलं की दहा शब्द उपटून येतात.

आणि मुळं खणायला लागलो तर खाली काय निघालं माहितीये? मराठी!

नातू आणि नेपोटिझम

म्हणजे अगदी मराठी नाही, पण मराठीच्या घरातलंच. १७८६ साली कलकत्त्याच्या एशियाटिक सोसायटीत सर विल्यम जोन्स यांनी सांगितलं होतं की संस्कृत, ग्रीक आणि लॅटिन यांचं मूळ एकच असावं. ही गोष्ट शाळेत कुणी सांगितली असती तर माझे निदान दोन महिने वाचले असते. हे बघा. नेपोटिझम म्हणजे वशिलेबाजी, आपल्या पोराबाळांना चिकटवणं. त्यातला लॅटिन ‘नेपोस’ म्हणजे नातू किंवा पुतण्या. संस्कृतात ‘नप्तृ’, त्यावरून आपला नातू. म्हणजे नातू आणि नेपोटिझम हे चुलतभाऊ! महाराष्ट्रात राहून हा शब्द विसरायचा म्हटलं तरी विसरता येणार नाही.

क्रेड्युलस म्हणजे कशावरही पटकन विश्वास ठेवणारा. त्यातला ‘क्रेडो’ आणि आपली श्रद्धा एकाच मुळाच्या. अँबिडेक्स्ट्रस, दोन्ही हात सारखेच चालणारा, त्यातला ‘डेक्स्टर’ म्हणजे उजवा, आणि पूर्वेकडं तोंड करून उभं राहिलं की उजव्या हाताला येते ती दक्षिण. तेही एकच. इन्सोम्नियातला ‘सोम्नस’ म्हणजे झोप, त्याचा नातेवाईक आपलं स्वप्न. अॅनॉनिमस तर दोन्ही तुकड्यांनी आपला, अ-नामिक. ऑब्सिक्वियस म्हणजे हुजरेगिरी करणारा, मागं मागं फिरणारा. त्यातल्या ‘मागं जाणं’ या मुळाचा संस्कृत भाऊ ‘सच्’, आणि त्यावरून झाला सचिव. मंत्रालयात कुणी ओळखीचं असेल तर सांगू नका.

आणि आपला पुसिलॅनिमस? ‘पुसिलस’ म्हणजे चिमुकला, ‘अॅनिमस’ म्हणजे मन, जीव. हा अॅनिमस आणि आपल्या प्राणातला ‘अन्’ सख्खे. चिमुकल्या जिवाचा तो पुसिलॅनिमस, आणि मोठ्या जिवाचा, उदार, तो मॅग्नॅनिमस. त्यातला ‘मॅग्नस’ म्हणजे आपलं महा. जोडून बघा, महाप्राण! व्याकरणाच्या बाईंनी ख आणि घ शिकवताना वापरलेला शब्द असा जीआरईत भेटेल, असं वाटलं नव्हतं.

काही शब्द तर उलट्या रस्त्यानं गेलेले. समोर येईल ते चिरडत जाणारी ताकद म्हणजे ‘जगरनॉट’, हा पुरीच्या रथयात्रेतला जगन्नाथ. लूट आणि ठग हे तर कपडेसुद्धा न बदलता इंग्रजीत जाऊन बसलेत. आणि मुंगूस! इंग्रजीतला ‘मंगूस’ थेट मराठीतून उचललेला आहे. आमच्या शेताच्या बांधावर फिरणारं जनावर ऑक्सफर्डच्या डिक्शनरीत आहे हे वाचलं, त्या दिवशी मी मेसमध्ये सगळ्यांना चहा पाजला.

एक सावधगिरी मात्र ठेवायची. गारुडी आणि गॅरुलस यांचं नातं आमच्या वहीपुरतं, नातू आणि नेपोटिझमचं खरं. खुंटी वेगळी, मूळ वेगळं. ‘लोक्वेशस’ म्हणजेही बडबड्या, पण म्हणून त्यात आपले ‘लोक’ शोधू नका, ते तिथं नाहीत.

उलटीकडून उघडणारी वही

परक्या शब्दांची यादी पाठ करणारा मी घरातला पहिला नव्हतो. आजोबा निजामाच्या राज्यात शिकले. मराठवाडा तेव्हा हैदराबाद संस्थानात होता. घरात मराठी, कचेरीत उर्दू. पुढं शिकायचं तर उर्दूतून, नोकरी हवी तर उर्दूतून. १९१८ साली हैदराबादला सुरू झालेल्या उस्मानिया विद्यापीठात तर डॉक्टरी आणि इंजिनिअरिंगसुद्धा उर्दूतून शिकवायचे. त्यासाठी भाषांतराचं एक अख्खं खातं बसून नवे शब्द घडवायचं. आजोबांची एक वही होती, ती उलटीकडून उघडायची. उजवीकडं उर्दू शब्द, डावीकडं मराठी अर्थ. लहानपणी मला वाटायचं, वहीची बाइंडिंग चुकली आहे.

१७ सप्टेंबर १९४८ ला संस्थान भारतात आलं. मुक्ती मिळाली, रझाकारांची दहशत संपली, आणि कारभाराची भाषाही हळूहळू बदलली. ती बदलायलाच हवी होती, आजोबाही तेच म्हणायचे. पण वहीचं काय? विशीच्या आत एवढ्या कष्टानं कमावलेले शब्द नोकरीच्या बाजारात चालेनासे झाले. ते दुकानाचा हिशोब मात्र शेवटपर्यंत उर्दूत लिहीत राहिले. कुणी विचारलं तर म्हणायचे, “शिकलोय तर वापरायला नको?”

२००७ साली मी जीआरई द्यायला नांदेडहून रात्रीच्या रेल्वेनं निघालो तेव्हा सेंटर होतं हैदराबाद. आजोबांना भलताच आनंद झाला. परीक्षा कसली, भाषा कुठली, याच्याशी त्यांना देणंघेणं नव्हतं. हदगावचं पोरगं शब्द पाठ करून हैदराबादला निघालंय, हे चित्र त्यांच्या ओळखीचं होतं. व्हर्बलला ८०० पैकी ५४० पडले. मराठी मीडियमच्या पोराला हे भन्नाट होते. अमेरिकेला मी काही गेलो नाही. २००८ च्या मंदीनं तो प्रश्न परस्पर निकालात काढला. पण पुण्यात पहिल्या नोकरीच्या इंटरव्ह्यूला इंग्रजीतून तोंड उघडायची हिंमत त्या साडेतीन हजार शब्दांनीच दिली. त्यातला एकही तिथं वापरला नाही, ही गोष्ट वेगळी.

शिडी कुणी काढली?

ऑगस्ट २०११ मध्ये जीआरई बदलली. सुटे विरुद्धार्थी शब्द गेले, शब्दांच्या जोड्या गेल्या. त्यांच्या जागी वाक्यातल्या गाळलेल्या जागा आणि उतारे. अमेरिकन कॉलेजांच्या एसएटीनं तर आधीच सुरुवात केली होती. विरुद्धार्थी शब्द १९९४ ला बाद, जोड्या २००५ ला, आणि २०१६ ला उरलेसुरले अवघड शब्दही. आपल्याकडं २०१५ पासून कॅटच्या इंग्रजीत उताऱ्यांचं राज्य आलं, आणि वकिलीच्या क्लॅटनं २०२० साली अख्खा पेपरच उताऱ्यांवर नेला.

यामागची एक गोष्ट सांगण्यासारखी आहे. २००१ साली कॅलिफोर्निया विद्यापीठाचे अध्यक्ष रिचर्ड अॅटकिन्सन यांनी एसएटीवर जाहीर टीका केली. एका महागड्या खासगी शाळेत त्यांनी बारा-बारा वर्षांची मुलं शब्दांच्या जोड्या घोकताना पाहिली होती. मुलांचा वेळ वाया चाललाय, हे त्यांचं म्हणणं. त्यांच्या जागी उभं राहून बघितलं तर शंभर टक्के खरं. तिथं यादी हा श्रीमंताच्या पोराचा जादाचा क्लास होता. पण तीच यादी आमच्याकडं गरिबाच्या पोराची शिडी होती, आणि कॅलिफोर्नियातून हदगाव दिसत नाही.

उतारा म्हणजे काय? अलीकडच्या वर्षांत कॅटला या भागासाठी चाळीस मिनिटं असतात. तेवढ्यात चार उतारे आणि वर इतर प्रश्न. विषय कुठलाही, अर्थशास्त्र, तत्त्वज्ञान, मधमाश्या, मध्ययुगातली चित्रकला. लेखक काय बोलला, काय बोलला नाही, कुठं टोमणा मारला, ते ओळखा. परीक्षा म्हणून ही कितीतरी चांगली, यात वाद नाही. ऑफिसात आपण हेच तर करतो, तीन पानी मेल वाचून समोरचा नेमका कशाला नाही म्हणतोय ते शोधतो. पण या परीक्षेची तयारी पन्नास दिवसांत होत नाही. तिला दहा वर्षांचं वाचन लागतं, आणि ती दहा वर्षं कुणाच्या घरी आपसूक गेलेली असतात हे तुम्हाला मी सांगायला नको. ‘संदर्भातून शिका’ म्हणणाऱ्याच्या घरात संदर्भ असतो.

मग आता हदगावच्या पोरानं करायचं काय? माझं उत्तर कोचिंग क्लासवाल्यांना आवडणार नाही. मराठी वाचायचं. चिक्कार वाचायचं. उताऱ्यात अडकणारी निम्मी मुलं इंग्रजीत अडकतच नाहीत, ती लांब वाक्यात अडकतात, ‘तरीही’ आणि ‘जणू’ मध्ये अडकतात. ज्यानं तालुक्याच्या वाचनालयातल्या जाड कादंबऱ्या आणि अग्रलेख पचवलेत, त्याला लेखकाचा टोमणा कुठल्याही भाषेत कळतो. उरतात शब्द, आणि त्यासाठी यादी आहेच की. इंग्रजी वाचायला पेपर नाही, ही आमची जुनी सबबही आता चालत नाही. २०१६ साली जिओ आलं आणि जगभरचे पेपर हदगावच्या एसटी स्टँडवर पोचले. आता त्याच फोनवर रील्सही असतात, हा भाग निराळा!

माझी भाची सध्या बारावीला आहे, एनडीएची तयारी करतेय. मुलींसाठी हे दार २०२१ साली सुप्रीम कोर्टाच्या आदेशानं उघडलं. मे २०२५ मध्ये खडकवासल्याहून पहिल्या सतरा मुली पास होऊन बाहेर पडल्या, तेव्हापासून हिनं ताईच्या मागं लकडा लावला होता. एनडीएचा पेपर इंग्रजी आणि हिंदीत येतो, मराठीत नाही. सामान्य ज्ञान आणि इंग्रजीच्या सहाशे मार्कांच्या पेपरात इंग्रजीचे दोनशे, चुकलं की एक तृतीयांश मार्क कापणार. आणि त्यात काय असतं? समानार्थी शब्द, विरुद्धार्थी शब्द, वाक्प्रचार! म्हणजे आमची शिडी एका भिंतीला अजून लावलेली आहे.

दिवाळीला गेलो तेव्हा बॅरन्सचं पिवळं पडलेलं पुस्तक घेऊन गेलो. तिनं चाळलं आणि बाजूला ठेवलं. तिची वही निराळीच होती. खुंट्या नाहीत, मुळं नाहीत. प्रत्येक शब्दापुढं गावातलं एक माणूस. ‘ग्रिगेरियस’ म्हणजे माणसांच्या कळपात रमणारा, पुढं लिहिलंय आजी. ‘फ्रूगल’ला तिचे स्वतःचे पप्पा. ‘लॅकोनिक’ला आमचे पणजोबा, हिनं त्यांना फक्त फोटोत पाहिलंय. ‘ऑब्सिक्वियस’पुढं इलेक्शनच्या टायमाचे एक काका, नाव छापत नाही. ‘रिकॅल्सिट्रंट’चं मूळ मी उत्साहानं सांगायला गेलो की टाचेनं मागं लाथ झाडणारं जनावर, तर तिथं आधीच शेजाऱ्याचा बैल बांधलेला होता.

“आणि मी कुठंय ग यात?” मी विचारलं.

तिनं पानं उलटली. “हे काय मामा, व्ही मध्ये. व्हर्बोज.”